मॅनेजर डिवचतो, पण पॉइंट कोण घालवतो?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून बसलो, की प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचं, टायटल आजपर्यंत कोणी माइंड गेम्सवर, म्हणजे समोरच्या मॅनेजरला शब्दांनी डिवचून, जिंकलेलं नाही, आधी टेबलवर पाय घसरतो, मग मॅनेजरचा तोल जातो, आणि आपण मात्र उलटा क्रम लावून गोष्ट सांगतो. झालं, त्यावर पत्रं आणि मेसेज सुरू झाले ते थांबायलाच तयार नाहीत. अर्धे लोक चिडलेत, त्यातले बहुतेक मँचेस्टर युनायटेडवाले. व्हीएआरबद्दलचे (व्हिडिओ रेफ्रीचे) प्रश्न पुढच्या वेळी घेतो, आज हाच वाद संपवू, किंवा निदान वाढवू तरी.

प्रश्न: सर, तुम्ही फर्गीचं (युनायटेडचा तेव्हाचा मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन) क्रेडिट काढून घेताय. 1996 मध्ये न्यूकॅसलकडे 12 पॉइंटची लीड होती, फर्गीने एक पिन मारली आणि न्यूकॅसलचा मॅनेजर कीगन टीव्हीवर सगळ्या जगासमोर फुटला, टायटल युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला. याला माइंड गेम नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

चला, जरा तारखा लावून बघू, कारण या गोष्टीत तारखाच कोणी बघत नाही.

12 पॉइंटची लीड होती जानेवारीत. ती गेली कधी? 21 फेब्रुवारीला वेस्ट हॅमकडून हरले, मग मँचेस्टर सिटीशी 3-3, मग 4 मार्चला घरच्या मैदानावर युनायटेडकडून 0-1, ज्या मॅचमध्ये पहिल्या हाफला न्यूकॅसलने नुसता मारा केला आणि युनायटेडचा गोलकीपर श्मायकेल एकटा उभा राहिला आणि मग कँटोनाने गोल टाकला. त्यानंतर आर्सेनलकडून हरले, 3 एप्रिलला लिव्हरपूलच्या घरी अ‍ॅनफिल्डवर ती प्रसिद्ध 4-3 हार, आणि 8 एप्रिलला ब्लॅकबर्नमध्ये शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन 1-2. ते दोन्ही गोल ब्लॅकबर्नच्या ग्रॅहम फेंटनचे, आणि हा पोरगा मूळचा न्यूकॅसलकडचाच, लहानपणापासून न्यूकॅसलचाच फॅन. म्हणजे दीडएक महिन्यात पाच पराभव. आणि या सगळ्या काळात फर्ग्युसनने ती पिन मारलेलीच नव्हती!

तो बोलला 17 एप्रिलला, लीड्सविरुद्धच्या मॅचनंतर. आणि तो का बोलला हेही बघा ना. चार दिवस आधी युनायटेड साउदॅम्प्टनमध्ये 3-1 हरलेली, ती करड्या जर्सीची मॅच, जिथे हाफटाइमला जर्सी बदलली आणि कारण दिलं की प्लेयर्सना एकमेक दिसत नाहीत. म्हणजे साहेब स्वतःच टेन्शनमध्ये. मग लीड्सविरुद्ध त्यांचा गोलकीपर लवकर रेड कार्ड घेऊन बाहेर, गोलमध्ये उभा कोण तर लुकास रादेबे, जो डिफेंडर, समोर दहाच माणसं, आणि तरी युनायटेडला कीनचा गोल यायला 72 मिनिटं लागली. त्या वैतागात फर्ग्युसन म्हणाला की लीड्सचे प्लेयर आमच्याविरुद्धच जीव तोडून खेळतात, बाकी वेळेला आपल्या मॅनेजरला फसवतात, आणि आता न्यूकॅसलविरुद्ध कसे खेळतात ते बघू. हा काही महिनाभर आखलेला डाव वगैरे मला तरी वाटत नाही, घाबरलेल्या माणसाची चिडचिड जास्त वाटते. गंमत म्हणजे सगळे म्हणतात कीगन चिडला, पण त्या पंधरवड्यात पहिला चिडला तो फर्ग्युसन.

आता पुढचं. 29 एप्रिलला न्यूकॅसलने लीड्सला लीड्समध्ये 1-0 हरवलं, आणि जिंकल्यावर, हो जिंकल्यावर, कीगन हेडफोन लावून स्कायच्या कॅमेऱ्यासमोर बोट नाचवत बोलला, की युनायटेडला अजून मिडल्सब्रोला जाऊन काहीतरी मिळवायचंय आणि आम्ही त्यांना हरवलं तर मला फार फार आवडेल. त्या क्षणी टेबल काय होतं? युनायटेड 37 मॅचमध्ये 79, न्यूकॅसल 36 मॅचमध्ये 76, आणि गोल डिफरन्स युनायटेडचा चांगला. म्हणजे टायटल कीगनच्या हातात नव्हतंच, उरलेल्या दोन्ही मॅच जिंकून वर युनायटेडने घसरायची वाट बघायची होती. पुढे फॉरेस्टशी 1-1, टॉटेनहॅमशी 1-1, युनायटेड मिडल्सब्रोला 3-0, शेवट 82 विरुद्ध 78.

हे एकदा नीट वाचा: फर्ग्युसन बोलला त्यानंतर न्यूकॅसल एकही मॅच हरलं नाही. हरले ते सगळं आधी हरले. पण पाच पराभवांची फिल्म दाखवायला अर्धा तास लागतो आणि कीगनची क्लिप दोन मिनिटांची आहे, म्हणून दरवर्षी एप्रिल आला की क्लिप दाखवतात.

एवढं मात्र मान्य करतो की फॉरेस्टविरुद्धच्या मॅचला न्यूकॅसलचे प्लेयर मैदानात उतरले तेव्हा आपला मॅनेजर टीव्हीवर कसा दिसला हे त्यांच्या डोक्यात असणारच. त्याने एक ड्रॉ झाला असेल का? असेलही. पण 12 पॉइंट त्याने गेले नाहीत.

प्रश्न: मी लिव्हरपूल फॅन आहे आणि माझा युनायटेडवाला मित्र 2009 पासून प्रत्येक वादात एकच शब्द बोलतो, "फॅक्ट". आपल्या मॅनेजरने, बेनिटेझने, तो कागद वाचला नसता तर आपण ते टायटल जिंकलो असतो का? खरं सांगा, दिलासा नको.

दिलासा देत नाही, आकडे देतो, ते मित्राला पाठवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 9 जानेवारी 2009, लिव्हरपूल टॉपला, युनायटेड सात पॉइंट मागे पण दोन मॅच कमी खेळलेली. फर्ग्युसनने आधी असं काहीतरी सोडून दिलेलं की सीझनच्या दुसऱ्या भागात लिव्हरपूलला टेन्शन येईल, शिवाय फिक्स्चर्सवरून कुरकुर चालू होती. बेनिटेझने प्रेस कॉन्फरन्समध्ये खिशातून कागद काढला आणि शांतपणे एकेक मुद्दा वाचत गेला, रेफ्रीबद्दल बोलूनसुद्धा मिस्टर फर्ग्युसनला शिक्षा होत नाही वगैरे, आणि मधे मधे हे फॅक्ट्स आहेत, फॅक्ट्स. दुसऱ्या दिवशी स्टोकमध्ये 0-0. त्याच्या दुसऱ्या दिवशी युनायटेडने चेल्सीला 3-0 धुतलं. मग लिव्हरपूलचे एव्हर्टन आणि विगनशी ड्रॉ. स्क्रिप्ट एवढी परफेक्ट की कोणालाही वाटेल कागदाने घात केला.

पण लिव्हरपूलचा त्या सीझनचा आजार एकच होता, घरचे ड्रॉ. अ‍ॅनफिल्डवर सात ड्रॉ केले, आणि त्यातले चार, म्हणजे स्टोक, फुलम, वेस्ट हॅम आणि हल, कागद खिशातून निघायच्या आधीचे आहेत. स्टोकने 0-0 करायला बेनिटेझचं भाषण ऐकलं नव्हतं, ते सप्टेंबरमध्येच अ‍ॅनफिल्डवर येऊन 0-0 करून गेले होते! बंद डिफेन्स उघडायला माणूस नव्हता, टोरेस सारखा दुखापतीत, रॉबी कीन मोठ्या किमतीला आणलेला पण जमलं नाही आणि जानेवारीच्या विंडोच्या शेवटी परत टॉटेनहॅमला. बेनिटेझचं स्वतःचं मालकांशी कॉन्ट्रॅक्टवरून चाललेलं होतं ते वेगळंच.

आणि समोर कोण होतं? युनायटेडचा गोलकीपर व्हॅन डर सार, त्याने लीगमध्ये 1311 मिनिटं गोल खाल्ला नाही, 14 मॅच लागोपाठ क्लीन शीट. ही रन नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, जानेवारीच्या त्या शुक्रवारी नाही. युनायटेड सलग 11 मॅच जिंकत आली आणि ती रन कोणी तोडली? तुमच्याच लिव्हरपूलने, 14 मार्चला ओल्ड ट्रॅफर्डवर 4-1. ज्या टीमचं डोकं फिरलंय ती टीम तिथे जाऊन चार टाकत नाही. त्या मॅचपासून सीझन संपेपर्यंत दहा मॅचमध्ये नऊ विजय आणि एकच ड्रॉ, तोही आर्सेनलशी 4-4, ज्यात अर्शाविनने एकट्याने चारही मारले. अख्ख्या सीझनमध्ये लिव्हरपूल फक्त दोन मॅच हरली, युनायटेडला दोन्ही वेळेला हरवलं, आणि 86 पॉइंट घेऊन दुसरी आली. युनायटेडचे 90.

तरी माझं मत विचाराल तर कागद वाचायला नको होता. तो चुकीचं बोलला म्हणून नाही, त्यातले काही मुद्दे बरोबरच होते. पण सात पॉइंट पुढे असलेल्या माणसाने तक्रार करायची नसते, ती मागे असलेल्याने करायची. तोपर्यंत सगळे विचारत होते की युनायटेड हे कसं भरून काढणार, त्या दिवसापासून विचारायला लागले की बेनिटेझला झालंय काय. आपल्याच टीमच्या अंगावर त्याने जास्तीचे कॅमेरे ओढून घेतले. पण त्यासाठी चार पॉइंट गेले असं मी म्हणणार नाही, ते अ‍ॅनफिल्डवर गेले.

प्रश्न: मग मॅनेजर लोक हे करतात तरी कशाला? फायदा नसता तर एवढे अनुभवी लोक वेळ का घालवतील?

फायदा नाही असं मी कुठे म्हटलं, समोरच्याला होणारा तोटा फुगवून सांगतात एवढंच म्हणणं आहे. फायदा बहुतेक आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये होतो. सगळं जग आपल्या विरुद्ध आहे, रेफ्री विरुद्ध, फिक्स्चर बनवणारे विरुद्ध, पेपरवाले विरुद्ध, हे एकदा प्लेयर्सच्या मनात बसलं की टीम घट्ट होते. फर्ग्युसनचा यात हातखंडा होता, चेल्सीच्या मोरिन्योचाही. दुसरं म्हणजे टीम वाईट खेळली की मॅनेजर काहीतरी स्फोटक बोलतो आणि दुसऱ्या दिवशी हेडलाइन त्याची होते, ज्या सेंटरबॅकने चूक केली त्याचं नाव सातव्या ओळीत जातं.

आणि यात पत्रकारांचा वाटा विसरू नका. मॅचच्या आदल्या दिवशी प्रेस कॉन्फरन्स, एकाचं वाक्य उचलायचं, दुसऱ्यासमोर ठेवायचं, "ते असं असं म्हणाले, तुमचं काय मत?" आता तो गप्प बसला तरी बातमी आणि बोलला तरी बातमी. अर्धे माइंड गेम असे तयार होतात, दोन मॅनेजर प्रत्यक्षात एकमेकांशी एक शब्द बोललेले नसतात.

फर्ग्युसनचं घड्याळ मात्र मला मनापासून आवडतं. शेवटच्या दहा मिनिटांत टचलाइनवर उभा राहून घड्याळावर बोट ठोकायचा ना, रिटायर झाल्यावर त्याने स्वतःच सांगितलं की मी वेळ वगैरे काही मोजत नव्हतो, समोरच्या टीमला धडकी भरावी म्हणून करायचो. आता हे चाललं असेल असं मला वाटतं, पण का चाललं? कारण त्याची टीम खरंच शेवटच्या मिनिटांत गोल करायची. 13 प्रीमियर लीग टायटल्स मागे असलेल्या माणसाने घड्याळ ठोकलं तर भीती वाटते, बाराव्या नंबरच्या टीमच्या मॅनेजरने ठोकलं तर लोक विचारतील, साहेब ट्रेन आहे का?

प्रश्न: माझ्या मते सगळ्यात भारी माइंड गेमवाला मोरिन्यो. सहमत?

तोंडाने भारी, नक्कीच. आर्सेनलचा मॅनेजर वेंगरला 2014 मध्ये "अपयशाचा स्पेशालिस्ट" म्हणाला, ते अजून लोकांच्या तोंडी आहे. पण त्याच सीझनचं बघा. फेब्रुवारीत सिटीला त्यांच्या घरी 1-0 हरवून आला आणि म्हणाला की टायटल रेसमध्ये दोन घोडे आहेत आणि आम्ही म्हणजे एक छोटं शिंगरू, त्याला अजून दूध प्यायचंय, उडी मारायला शिकायचंय. कल्पना हुशारीची, सगळं प्रेशर सिटी आणि आर्सेनलवर ढकलायचं. आणि मोठ्या मॅचेसमध्ये चेल्सी चाललीच, सिटीला दोनदा हरवलं, लिव्हरपूलला दोनदा, त्यातली दुसरी ती लिव्हरपूलचा जेरार्ड घसरला तीच. मग टायटल का नाही मिळालं? कारण व्हिलाकडून हरले, पॅलेसकडून टेरीच्या ओन गोलवर हरले आणि तळाला असलेल्या संडरलँडकडून स्टॅम्फर्ड ब्रिजवर 2-1 हरले, जिथे मोरिन्यो लीगमध्ये त्याआधी 77 मॅच हरलाच नव्हता. प्रतिस्पर्धी मॅनेजरशी खेळलेला माइंड गेम संडरलँडला लागू होत नाही हो. टायटल गेलं सिटीच्या पेलेग्रिनीकडे, जो कोणाला काही बोलतच नव्हता.

हां, बार्सिलोनाचा तेव्हाचा मॅनेजर ग्वार्डिओलाला मात्र त्याने, रिअल माद्रिदला असताना, एकदा खरंच डिवचलं. एप्रिल 2011, चॅम्पियन्स लीग सेमीफायनल, रिअलच्या बर्नाबेऊ स्टेडियमच्या प्रेस रूममध्ये ग्वार्डिओला शिवी घालून म्हणाला की या खोलीत मोरिन्योच बॉस आहे, इथली मॅच त्याने आधीच जिंकलीये, मी ती खेळणार नाही. कीगनपेक्षा कमी चिडलेला नव्हता! पण दुसऱ्या दिवशी बार्सिलोना 2-0 जिंकली, दोन्ही गोल मेसीचे, म्हणून त्या भाषणाला आज मास्टरस्ट्रोक म्हणतात. हरली असती तर ग्वार्डिओलाचं डोकं फिरलं होतं असं म्हटलं असतं. माणूस तोच, शब्द तेच, आपण नाव मात्र निकाल बघून देतो.

प्रश्न: सिटीच्या मँचिनीने 2012 मध्ये "टायटल संपलं" म्हटलं होतं तो उलटा माइंड गेम होता का? आमच्या ग्रुपमध्ये यावर दोन तट पडलेत.

होता असं मला वाटतं, म्हणजे टीमवरचं ओझं उतरवायला. आर्सेनलकडून हरून आठ पॉइंट मागे, सहा मॅच बाकी, बालोटेलीला रेड कार्ड, त्यावेळी "आम्ही जिंकू" म्हणणंच वेडेपणाचं दिसलं असतं. मग सिटी सहाच्या सहा जिंकली. पण युनायटेड तीन दिवसांनी विगनमध्ये 1-0 हरली आणि पुढे एव्हर्टनविरुद्ध 4-2 पुढे असताना 4-4 करून बसली, ते काही मँचिनीच्या वाक्यामुळे नाही. आणि सिटीच्या अगुएरोचा शेवटच्या मिनिटांतला तो टायटल देणारा गोल जर गेला नसता तर तुमच्या ग्रुपमध्ये आज असा वाद चालू असता की मँचिनीने आधीच हार मानली म्हणून सिटी हरली.

लेस्टरचा मॅनेजर रानिएरी याच जातीचा. लेस्टर टॉपला असतानासुद्धा 40 पॉइंट, 40 पॉइंट करत राहिला, म्हणजे रेलिगेशन (खालच्या लीगमध्ये घसरणं) टाळायचा आकडा. लोक हसायचे, पण वर्षभरापूर्वी ख्रिसमसला तळाला असलेल्या प्लेयर्सना "चॅम्पियन" शब्द न ऐकवणं हेच शहाणपण होतं.

प्रश्न: फर्ग्युसनला बरोबरीचं उत्तर कोणी दिलं का कधी? की सगळे चिडलेच?

वेंगर. 2002 मध्ये फर्ग्युसन म्हणत होता की खरी बेस्ट टीम आमचीच, तर वेंगर म्हणाला, प्रत्येकाला वाटतं की सगळ्यात सुंदर बायको आपल्याच घरी आहे. एवढंच. आणि मग 8 मेला ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन विल्टोर्डच्या गोलवर टायटल घेऊन आला, युनायटेड त्या वर्षी तिसरी. आवाज न चढवता उत्तर द्यायला आधी पॉइंट हातात लागतात, वेंगरकडे ते होते.

प्रश्न: लिव्हरपूलचा क्लॉप आणि सिटीचा ग्वार्डिओला असे भांडायचे नाहीत. मजा गेली की नाही?

थोडी गेली. पण 2018-19 मध्ये सिटीचे 98, लिव्हरपूलचे 97, सिटी शेवटच्या 14 मॅच सलग जिंकली, असल्या रेसमध्ये डिवचायला फट कुठे मिळते? एक ड्रॉ झाला की गेलंच. आणि अगदीच साधू नव्हते हां दोघं, नोव्हेंबर 2019 मध्ये ग्वार्डिओलाने लिव्हरपूलच्या सादियो मानेच्या डायव्हिंगवर (फाउल मिळावा म्हणून मुद्दाम पडण्यावर) खडा टाकला होता आणि क्लॉपने सिटीच्या टॅक्टिकल फाउल्सचा विषय "काढत नाही" म्हणत काढला होता.

प्रश्न: रेफ्रीवर दबाव टाकणं हा खरा माइंड गेम नाही का? बाकी सगळं नाटक.

यात दम आहे तुमच्या म्हणण्यात. पण महाग पडतं. फर्ग्युसनला 2011 मध्ये चेल्सीच्या मॅचनंतर रेफ्री मार्टिन अ‍ॅटकिन्सनबद्दल बोलल्यावर पाच मॅच टचलाइन बॅन आणि 30,000 पाउंड दंड झाला. मोरिन्योने संडरलँडच्या त्या मॅचनंतर रेफ्री माइक डीनचं खोचकपणे अभिनंदन केलं, 10,000 पाउंड. इंग्लिश एफएला, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेला, उपरोध कळतो आणि ते त्याचे पैसे लावतात.

प्रश्न: तुमचा स्वतःचा सगळ्यात आवडता किस्सा कुठला?

1995, ब्लॅकबर्न विरुद्ध युनायटेड. फर्ग्युसन म्हणाला की आता ब्लॅकबर्नने डेव्हन लॉकसारखं केलं तरच आम्हाला चान्स. डेव्हन लॉक म्हणजे राणीच्या आईचा घोडा, 1956 च्या ग्रँड नॅशनलमध्ये जिंकत आलेला आणि शेवटच्या टप्प्यात अचानक पोटावर आडवा झाला. ब्लॅकबर्नचा मॅनेजर केनी डॅल्ग्लिश, स्वतः पक्का स्कॉटिश, लॉक म्हणजे स्कॉटलंडमध्ये तळं हे त्याला काय कोणी सांगायला पाहिजे, त्याने चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता विचारलं, हे स्कॉटलंडमधलं कुठलं तळं आहे का? आणि ब्लॅकबर्न शेवटच्या दिवशी खरंच आडवी झाली, अ‍ॅनफिल्डवर 2-1 हरली, फक्त युनायटेडने वेस्ट हॅममध्ये 1-1 केलं आणि टायटल 89 विरुद्ध 88 ने डॅल्ग्लिशकडे गेलं.